बॅटरीविना चालणारा क्रिस्टल रेडिओ: ठाण्यात आवाज का येत नाही?

प्रश्न: चरईकर (ठाणे)

नमस्कार. माझी मुलगी आठवीत शिकते. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात क्रिस्टल रेडिओ मांडायचा असे तिने ठरवले आणि गेले दोन आठवडे आम्ही दोघी त्याच्या मागे लागलो आहोत. ५० मिलिमीटर व्यासाच्या पीव्हीसी पाइपच्या तुकड्यावर तिने २६ गेजच्या इनॅमल तारेचे ८० वेढे एकाला एक लागून घातले आहेत. ही तार मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून वजनावर आणली. गँग कंडेन्सर, म्हणजे केंद्र लावण्यासाठी फिरवायचा कंडेन्सर, माझ्या सासऱ्यांच्या बंद पडलेल्या व्हॉल्व्ह सेटमधून काढला. डायोड मागितला तेव्हा दुकानदाराने १एन४००७ हातावर ठेवला आणि डायोड सगळे सारखेच असतात असे सांगितले. ऐकण्यासाठी मोबाइलचा इअरफोन जोडला आहे, एरियल म्हणून गॅलरीत दोनेक मीटर वायर सोडली आहे आणि अर्थिंगची वायर स्वयंपाकघरातल्या नळाला घट्ट गुंडाळली आहे.

कानात काहीही ऐकू येत नाही. गँग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवला तरी साधी खरखरसुद्धा नाही. मुलीचा प्रश्न मात्र वेगळाच आहे आणि त्याचे उत्तर मला देता आले नाही: “बॅटरी नाही, प्लग नाही, मग आवाज काढायला लागणारी शक्ती येते कुठून?” आमचे नेमके काय चुकते आहे हे कळले तर उपकार होतील, पण तिच्या या प्रश्नाचे नीट उत्तर मिळाले तर त्याहून आनंद होईल.

उत्तर १: ऐरोलीकर (नवी मुंबई)

ताई, आधी मुलीच्या प्रश्नाकडे वळतो, कारण तुमच्या सेटमधल्या सगळ्या चुका त्याच उत्तरातून उलगडतील.

आवाज काढणारी शक्ती येते ती आकाशवाणीच्या मनोऱ्यातून. मुंबई केंद्राचे मध्यम लहरींचे मनोरे मालाडच्या बाजूला मालवणीत आहेत आणि तिथून ठाणे सरळ रेषेत साधारण १७ किलोमीटरवर आहे. तिथे खर्च होणाऱ्या विजेचा अतिशय सूक्ष्म अंश तुमच्या गॅलरीतल्या वायरीत उतरतो आणि तेवढ्यावरच इअरफोनचा पडदा हलवायचा असतो. आपण नेहमी वापरतो त्या रेडिओत हा अंश फक्त निरोप्याचे काम करतो आणि स्पीकर हलवणारी ताकद बॅटरी पुरवते. क्रिस्टल सेटमध्ये निरोपही तोच आणि ताकदही तीच. म्हणून हा सेट बांधणे म्हणजे आलेल्या शक्तीतला कणही वाटेत सांडू न देणे. हे साधते याचे श्रेय आपल्या कानाला द्यायला हवे, कारण एका चौरस मीटरवर एका वॉटचा एक लाख कोटीवा भाग एवढी क्षीण ध्वनिशक्ती पोचली तरी निरोगी कानाला तिची चाहूल लागते.

आता एकेक भाग घेऊ. रेडिओची लहर एरियलच्या तारेवरून जाताना तारेतले इलेक्ट्रॉन वरखाली हलवते. ५५८ किलोहर्ट्झचे केंद्र म्हणजे सेकंदाला ५ लाख ५८ हजार हेलकावे. पण त्याच वेळी १०४४ किलोहर्ट्झचे केंद्र आणि इतर अनेक लहरी त्याच तारेला हलवत असतात. त्यांतली एक निवडण्याचे काम कॉइल आणि गँग मिळून करतात. वीज एकदा कंडेन्सरच्या पत्र्यांवर साठते, तिथून कॉइलमधून वाहू लागते, कॉइलभोवती चुंबकीय क्षेत्र उभे राहते, ते मावळताना वीज पुन्हा पत्र्यांवर ढकलली जाते, आणि ही ये-जा एका ठरावीक गतीने चालू राहते. सतारीवर वरची तार छेडली की तिच्या सुराला लावलेली खालची तरफ हात न लावता झंकारते, बाकीच्या तरफा मात्र जवळजवळ गप्प राहतात; गँग फिरवणे म्हणजे ही तरफ सुरात लावणे होय. याला अनुस्पंदन म्हणतात.

तुमच्या कॉइलचे गणित मी करून पाहिले. ५० मिलिमीटर पाइप, ८० वेढे आणि सुमारे ४ सेंटिमीटर लांबीचे वेष्टन यांवरून तिचे प्रवर्तकत्व अंदाजे २५० मायक्रोहेन्री निघते. तिच्याबरोबर ५५८ किलोहर्ट्झसाठी सुमारे ३२५ आणि १०४४ किलोहर्ट्झसाठी सुमारे ९३ पिकोफॅरड धारिता, म्हणजे कंडेन्सरची वीज साठवण्याची क्षमता, लागते. व्हॉल्व्ह सेटमधल्या गँगच्या एका विभागाची कमाल धारिता बहुधा ३५० ते ५०० पिकोफॅरड असते, त्यामुळे तुमचा गँग ५५८ पर्यंत निश्चित पोचेल. कॉइल मुलीने उत्तम केली आहे. तिला तसे जरूर सांगा.

उरला डायोड. ५५८ किलोहर्ट्झची वाहक लहर स्वतः ऐकू येत नाही. निवेदकाच्या आवाजानुसार तिची उंची कमीजास्त केलेली असते, आणि आपल्याला हवा असतो तो हा उंचीचा चढउतार. पण लहर जितकी वर जाते तितकीच खालीही जाते, म्हणून तिची सरासरी कायम शून्य राहते आणि सेकंदाला पाच लाख वेळा उलटसुलट होणाऱ्या ओढीमागे इअरफोनचा जड पडदा धावू शकत नाही. डायोड एका दिशेचा प्रवाह जाऊ देतो आणि उलट दिशेचा अडवतो. खालचा अर्धा भाग असा छाटला गेला की सरासरी शून्य उरत नाही. ती आवाजाबरोबर वरखाली होऊ लागते आणि पडदा त्या सावकाश बदलाबरोबर हलतो. डायोड आवाज वाढवत नाही, तो फक्त लहर एका बाजूला झुकवतो.

इथेच तुमची पहिली चूक आहे. १एन४००७ हा विजेच्या पुरवठ्यासाठी केलेला सिलिकॉन डायोड आहे आणि तो सुमारे ०.६ व्होल्टच्या खाली उघडतच नाही. तुम्हाला जर्मेनियम डायोड लागेल: १एन३४ए, ओए७९ किंवा ओए९१ यांपैकी कोणताही चालेल. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात विचारून पाहा.

उत्तर २: सोल्डर आणि सर्किट (कळवा)

वरचे विवेचन छान आहे. मी तीस वर्षे रेडिओ दुरुस्ती केली आहे, त्यामुळे दुरुस्तीच्या टेबलावर बसून जे दिसते ते सांगतो. डायोड तर बदलाच, पण नुसता डायोड बदलून तुमचा सेट बोलणार नाही. इअरफोन आणि अर्थिंग हे दोन्ही त्याहून मोठे अडथळे आहेत.

मोबाइलचा इअरफोन १६ किंवा ३२ ओहमचा असतो. लहान सिग्नलला जर्मेनियम डायोडचा स्वतःचा रोध हजारो ओहम भरतो. हजारो ओहमच्या पुढे ३२ ओहम लावले तर जवळजवळ सगळा दाब डायोडवरच संपतो आणि इअरफोनच्या वाट्याला काही उरत नाही. पूर्वी क्रिस्टल सेटला २००० ओहमचे हेडफोन लावत ते याचसाठी. आज ते मिळणे कठीण आहे, पण दोन उपाय आहेत.

पहिला उपाय: जुन्या ट्रान्झिस्टरमधला आउटपुट ट्रान्सफॉर्मर घ्या, १००० ओहम ते ८ ओहम असा. त्याची जास्त वेढ्यांची बाजू डायोडकडे आणि कमी वेढ्यांची बाजू इअरफोनकडे जोडा. जास्त वेढ्यांच्या बाजूला तीन तारा असतील तर मधली मोकळी सोडून टोकांच्या दोन घ्या. हा ट्रान्सफॉर्मर रोध १२५ पट करून दाखवतो, म्हणजे ३२ ओहमचा इअरफोन डायोडला ४००० ओहमचा भासतो. दोन्ही कानांच्या गुंडाळ्या एकामागे एक जोडल्या तर ८००० ओहमचा भासेल आणि आवाज आणखी सुधारेल.

दुसरा उपाय स्वस्त आहे: बझरमधली पितळी चकती, म्हणजे पायझो. तिच्यातून सरळ प्रवाह जात नाही, त्यामुळे डायोड तिला एकदा भरून टाकतो आणि मग स्वतःच बंद पडतो. म्हणून चकतीच्या दोन टोकांमध्ये ४७ किलोओहमचा रेझिस्टर आडवा टाकायला विसरू नका. पुष्कळ मुलांचे सेट या एका रेझिस्टरवाचून मुके राहिलेले मी पाहिले आहेत. चकतीवर सोल्डर करताना पांढऱ्या भागाला सोल्डरिंग आयर्न क्षणभरच टेकवा. जास्त तापला की तो भाग निकामी होतो.

आता अर्थिंग. तुमचा नळ धातूचा असेल, पण भिंतीतला पाइप कोणता आहे? ठाण्यातल्या जुन्या चाळींत जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप थेट जमिनीत जात, तिथे नळाचे अर्थिंग झकास लागे. नव्या किंवा पुन्हा प्लंबिंग केलेल्या इमारतीत पाइप प्लॅस्टिकचा असतो, म्हणजे तुमची वायर कुठेच पोचत नाही. एरियलमध्ये आलेल्या प्रवाहाला परतीची वाट लागते. ती नसेल तर एरियल कितीही लांब करा, फरक पडत नाही. तळमजल्यावर राहत असाल तर बागेतल्या ओल्या मातीत मीटरभर लांबीचा तांब्याचा किंवा लोखंडी गज ठोका. वरच्या मजल्यावर असाल तर खिडकीच्या लोखंडी ग्रिलला रंग खरवडून वायर जोडा. ग्रिल जमिनीला जोडलेले नसले तरी एवढा मोठा धातूचा सांगाडा परतीच्या वाटेचे काम बऱ्यापैकी करतो.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. भिंतीवरच्या प्लगच्या अर्थिंग पिनमध्ये मुलीला वायर कधीही घालू देऊ नका. वायरिंग उलटसुलट झालेले असेल तर ती वायर जिवावर बेतू शकते, आणि सेटला हेडफोन लावून बसलेल्या मुलाच्या थेट कानाशी ती पोचते.

एरियल किमान १० मीटर हवे आणि ते इमारतीपासून जितके दूर तितके चांगले. दोन मीटर वायर गॅलरीच्या आत लोंबत ठेवली तर सळ्यांच्या जाळ्यात अडकलेल्या काँक्रीटच्या आडोशाला ती काहीच पकडत नाही.

चरईकर

दोघांचेही मनापासून आभार. मी रविवारी प्लंबरला विचारून घेतले. आमच्या इमारतीतले सगळे पाइप चार वर्षांपूर्वी बदललेले असून ते प्लॅस्टिकचे आहेत. म्हणजे दोन आठवडे आमचे अर्थिंग नव्हतेच. आम्ही तिसऱ्या मजल्यावर आहोत, त्यामुळे ग्रिल वापरून पाहते. सोसायटीने परवानगी दिली तर गच्चीवरून १२ मीटर वायर खाली आणता येईल. एक शंका आहे: आमच्या आणि मालवणीच्या मध्ये येऊरचा अख्खा डोंगर आहे. मोबाइलची रेंज जशी डोंगराआड जाते, तशी ही लहरही अडत असेल का?

उत्तर ३: नेरूळकर (नवी मुंबई)

डोंगराची चिंता करू नका. ५५८ किलोहर्ट्झच्या एका लहरीची लांबी सुमारे ५३८ मीटर भरते, म्हणजे ती येऊरच्या टेकड्यांच्या उंचीच्या जोडीची आहे. एवढी लांब लहर जमिनीला धरून चालते आणि अशा उंचवट्यांवरून वळून पलीकडे उतरते. मोबाइलच्या लहरी काही सेंटिमीटरांच्या असतात, म्हणून त्यांच्यामागे डोंगराची गडद सावली पडते. नेरूळ मालवणीपासून २८ किलोमीटरच्या आसपास आहे, तरी माझ्या गच्चीवर क्रिस्टल सेट चालतो.

किती शक्ती येते याचा अंदाजही बांधता येतो. प्रक्षेपक १०० किलोवॉटचा धरला आणि जमीन विजेची उत्तम वाहक मानली, तर १७ किलोमीटरवर क्षेत्राची तीव्रता मीटरला सुमारे १७५ मिलिव्होल्ट येते. जमीन तशी नसते आणि शहरातल्या इमारती बरेच खातात, तरी याच्या निम्मी तीव्रता पोचली तरी गच्चीवरून उतरवलेल्या तारेत एक-दोन दशांश व्होल्ट सहज उभे राहतील. क्रिस्टल सेटच्या दृष्टीने ही श्रीमंती आहे.

ऐरोलीकरांच्या उत्तरातल्या एका मुद्द्यावर थोडी दुरुस्ती सुचवतो. सिलिकॉन डायोड ०.६ व्होल्टला आणि जर्मेनियम ०.२ व्होल्टला दारासारखा उघडतो, ही समजूत सोयीची आहे पण पुरती खरी नाही. दार असते तर ०.०५ व्होल्टवर जर्मेनियमही मुका राहिला असता, आणि प्रत्यक्षात तो बोलतो. डायोडच्या प्रवाहाचा आलेख शून्याजवळही वक्र असतो. दोन्ही बाजूंना तो सारखा नसतो, आणि तेवढ्या असमानतेवर आवाज वेगळा निघतो. फरक आहे तो शून्याजवळच्या रोधाचा. जर्मेनियममध्ये हा रोध हजारो ओहमच्या घरात असतो, म्हणून इअरफोनपर्यंत प्रवाह पोचतो. साध्या सिलिकॉनमध्ये तो कित्येक लाख ओहमच्या वर जातो आणि प्रवाह जवळजवळ थांबतो. १एन४००७ मध्ये आणखी एक दोष आहे: त्याचा जोड मोठा असल्याने त्याची स्वतःची धारिता जास्त आहे आणि उच्च वारंवारितेची वीज तिच्यातून दोन्ही दिशांना निसटते. जर्मेनियम मिळालाच नाही तर बीएटी८५ सारखा शॉट्की डायोड लावून पाहा; तो आज सहज मिळतो.

मुलीच्या तक्त्यासाठी थोडा इतिहास देतो, कारण या विषयात आपल्याकडचे एक नाव अगदी आरंभी येते आणि ते प्रदर्शनात दिसायला हवे असे मला वाटते. धातूच्या सल्फाइडांमधून वीज एका दिशेने जास्त वाहते हे फर्डिनांड ब्राउन या जर्मन शास्त्रज्ञाने १८७४ साली पाहिले. त्या गुणाचा उपयोग रेडिओलहरी ओळखण्यासाठी करून दाखवणारे जगदीशचंद्र बोस. त्यांनी कोलकात्यात काम करताना गॅलेना, म्हणजे शिशाच्या सल्फाइडाचे चमकदार करडे खनिज, वापरून शोधक तयार केला, १९०१ साली अमेरिकेत पेटंटसाठी अर्ज केला आणि २९ मार्च १९०४ रोजी त्यांना ७५५८४० क्रमांकाचे पेटंट मिळाले. त्यानंतर १९०६ मध्ये ग्रीनलीफ पिकार्ड यांनी सिलिकॉनच्या स्फटिकाचा शोधक पेटंट केला आणि घरोघरी क्रिस्टल सेट पोचण्याचा मार्ग मोकळा झाला. ‘क्रिस्टल’ हे नाव या खड्यावरून आले. खड्यावर एक बारीक तार टेकवून संवेदनशील जागा चाचपडत शोधावी लागे. त्या तारेला इंग्रजीत मांजराची मिशी म्हणत. जर्मेनियम डायोडच्या काचेच्या नळीत भिंगाने पाहिलेत तर तीच मिशी आजही दिसेल: एका इवल्या चौकोनी तुकड्यावर टेकलेली, मधे किंचित वळवलेली केसाएवढी तार. हा डायोड भिंगासह टेबलावर मांडावा, अशी माझी मुलीला सूचना आहे.

आणि ठाण्यापुरते एक. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले तेव्हा त्याचा प्रक्षेपक फक्त दीड किलोवॉटचा होता आणि त्याचा प्रभावी पल्ला सुमारे ४८ किलोमीटर मानला जाई. दक्षिण मुंबईपासून ठाणे सरळ रेषेत ३२ किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे त्या काळातही ठाण्याच्या एखाद्या माडीवरून उंच एरियल बांधणाऱ्याला ते केंद्र ऐकता येण्याजोगे होते.

चरईकर

काल संध्याकाळी आवाज आला! ओए७९ मिळाला. ट्रान्सफॉर्मर सासऱ्यांच्या दुसऱ्या एका ट्रान्झिस्टरमधून निघाला, अर्थिंग ग्रिलला जोडले आणि गच्चीवरून १२ मीटर वायर खाली सोडली. आधी घरातल्या साध्या रेडिओवर ५५८ लावून प्रक्षेपण चालू असल्याची खात्री करून घेतली, मग पंखा आणि टीव्ही बंद करून मुलीने इअरफोन कानात घातला. गँग सावकाश मिटवत नेताना ती एकदम थांबली आणि कुजबुजली, “आई, कोणीतरी बोलतंय.” आवाज बारीक आहे, पण बातम्यांतला शब्द न् शब्द कळतो.

दोन अडचणी राहिल्या आहेत. गँग कुठेही नेला तरी १०४४ चे केंद्र वेगळे लागत नाही, ते ५५८ च्या मागे पुसटसे ऐकू येत राहते. शिवाय सगळ्यात मागे एक सलग गुणगुण आहे.

उत्तर २: सोल्डर आणि सर्किट (कळवा)

वा! मुलीचे अभिनंदन. या दोन्ही अडचणी आवाज आल्यानंतरच्या आहेत, तेव्हा त्या आनंदाने सोडवू.

तुम्ही एरियल थेट कॉइलच्या वरच्या टोकाला जोडले असणार. १२ मीटर तारेची जमिनीशी स्वतःची धारिता शंभरेक पिकोफॅरड असते आणि ती गँगमध्ये मिळते. १०४४ साठी एकूण ९३ पिकोफॅरड हवे आहेत, मग गँग पूर्ण उघडला तरी तुम्ही तिथे पोचणार कशा? कॉइलच्या अर्थिंगकडच्या टोकापासून २० वेढे मोजा, एकविसाव्या वेढ्यावरचे इनॅमल बारीक पॉलिश पेपरने तांबे दिसेपर्यंत घासा, शेजारच्या वेढ्यांना लागणार नाही असा वायरचा तुकडा तिथे सोल्डर करा आणि एरियल त्या फाट्याला जोडा. पाव वेढ्यांवर जोडल्याने एरियलच्या धारितेचा भार साधारण सोळाव्या हिश्शावर येतो, म्हणजे शंभराचे सहा-सात पिकोफॅरड उरतात.

डायोडलाही चाळिसाव्या वेढ्यावर असाच फाटा द्या. डायोड आणि इअरफोन मिळून कॉइलवर २० किलोओहमचा भार टाकतात असे धरले, तर ५५८ वर सेटची पट्टी, म्हणजे सेट एका वेळी पकडतो तो वारंवारितेचा पट्टा, जवळपास २४ किलोहर्ट्झ रुंद होते आणि १०४४ वर ती ८५ च्या पुढे जाते. डायोड अर्ध्यावर आणला की भार चौपट हलका होतो आणि पट्टी तेवढीच अरुंद. आवाज थोडा उतरेल, पण केंद्रे वेगळी होतील. दहाव्या, विसाव्या आणि तिसाव्या अशा तिन्ही वेढ्यांवर फाटे काढून ठेवले आणि मगरचिमट्याने बदलता आले, तर प्रदर्शनात येणाऱ्याला हा फरक स्वतःच्या कानाने ऐकवता येईल.

गुणगुण घरातल्या वायरिंगची आणि रेल्वेच्या ओव्हरहेड तारांची, ५० हर्ट्झची आहे. ग्रिल जमिनीला जोडलेले नसल्याने ती चढते. एरियलच्या मालिकेत १०० पिकोफॅरडचा एक कंडेन्सर घाला. रेडिओची लहर त्यातून जाईल आणि ५० हर्ट्झला तो जवळजवळ भिंतीसारखा अडवेल.

पावसाळी ढग दिसले की सेट बंद ठेवणे पुरेसे नाही. गच्चीवरून आलेली वायर सेटपासून सोडवून घराबाहेर टाका, आणि गडगडाट चालू असताना इअरफोन कानाला लावू नका.

चरईकर

विसाव्या आणि चाळिसाव्या वेढ्यावर फाटे दिले, १०० पिकोफॅरडचा कंडेन्सरही घातला. गुणगुण गेली. ५५८ गँग बराच मिटल्यावर आणि १०४४ तो बराच उघडल्यावर, अशी दोन्ही केंद्रे वेगवेगळी लागतात. डायोड भिंगाखाली ठेवायची कल्पना मुलीला फार आवडली. तिने सासऱ्यांचे वर्तमानपत्र वाचायचे भिंग त्यासाठी मागून घेतले आहे आणि तक्त्यावर बोसांच्या पेटंटचा क्रमांक लिहिला आहे. सासरे मात्र रोज संध्याकाळी बातम्यांच्या वेळी इअरफोन मागून घेतात आणि बातम्या संपेपर्यंत परत देत नाहीत.